अवकाशाचे हवामान : दीडशे वर्षांची वही कशी जोडतात?



भूगोलाच्या पुस्तकात आपण 'हवा' आणि 'हवामान' यांतील फरक शिकतो. आज इंदूरला पाऊस पडतो आहे, ही झाली हवा. इंदूरला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि हिवाळ्यात रात्री थंड असतात, हे झाले हवामान. हिंदी माध्यमातून शिकलेल्या आमच्या पिढीला यासाठी 'मौसम' आणि 'जलवायु' हे दोन शब्द पाठ आहेत. हवा खिडकीतून डोकावून सांगता येते. हवामान सांगायचे तर निदान तीस वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्यात, असा जगभरचा संकेत आहे.

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, उपग्रह फिरतात त्या भागातही हवा असते, असे म्हटले तर तुम्ही हसाल. तेथे वारा नाही, ढग नाहीत, पाऊस तर नाहीच. तरीही शास्त्रज्ञ 'अवकाशाची हवा' हा शब्द वापरतात आणि तिचा रोजचा अंदाजही वर्तवतात. आजच्या पाठात आपण एक पायरी पुढे जाणार आहोत. या अवकाशाचे हवामान कसे ठरवायचे? शंभर-दीडशे वर्षांची नोंद कोणी ठेवली, कशी ठेवली आणि ती खरी आहे हे कशावरून ओळखायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण मुंबईचा कुलाबा आणि तेथून अलिबाग असा प्रवास करणार आहोत.

अवकाशाची हवा म्हणजे काय?

सूर्य केवळ प्रकाश व उष्णता देत नाही. त्याच्यापासून विद्युतभारित कणांचा एक प्रवाह सतत बाहेर पडत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. त्याचा सर्वसाधारण वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो. कधी कधी सूर्यावर मोठा उद्रेक होतो आणि कणांचा प्रचंड लोट, आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र घेऊन, अवकाशात फेकला जातो. तो पृथ्वीच्या दिशेने आला तर एक ते चार दिवसांत येऊन पोहोचतो.

पृथ्वी स्वतः एक मोठे चुंबक आहे. तिचे चुंबकीय क्षेत्र या कणांना अडवते, वळवते आणि काही कणांना आपल्या भोवती कोंडूनही ठेवते. मोठा लोट आदळला की पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचे एक वलय बळावते आणि त्यामुळे जमिनीवरची चुंबकसूची थरथरू लागते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. मुंबईसारख्या, विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग वादळात कमी होतो. किती कमी झाला ते नॅनोटेस्ला या एककात मोजतात. एक नॅनोटेस्ला म्हणजे एका टेस्लाचा शंभर कोटीवा भाग. मुंबईच्या परिसरात हा आडवा भाग सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. मोठ्या वादळात त्यातून काही शे नॅनोटेस्ला कमी होतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, परंतु यंत्राला लागतो.

ही नोंद कशाला हवी?

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज एका चुंबकीय वादळामुळे गेली. वादळाने जमिनीत व लांबलचक वीजवाहिन्यांत प्रवाह निर्माण केले आणि सारी यंत्रणा दीड मिनिटात कोलमडली. सुमारे ६० लाख लोक जवळजवळ नऊ तास अंधारात होते.

३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतून स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडण्यात आले. त्या सुमारास आलेले वादळ अगदी साधे होते. पण वादळात वरचे विरळ वातावरण तापते आणि फुगते. उपग्रह अजून खालच्या कक्षेत होते, त्यांना होणारा हवेचा अडथळा वाढला आणि ४९ पैकी ३८ उपग्रह वातावरणात जळून गेले.

मे २०२४ मध्ये आलेले वादळ मात्र मोठे होते. १० आणि ११ मे च्या रात्री लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबडी प्रभा टिपली गेली. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडखळले.

आता असा विचार करा. पुलाचा अभियंता नदीवर पूल बांधताना काय विचारतो? काल पाणी किती होते, हे तो विचारत नाही. गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पूर किती उंच होता, हे विचारतो. उपग्रह बनवणारा आणि वीजवाहिन्या टाकणारा अभियंताही तेच विचारतो. त्याला मागच्या दहा वर्षांचीच वही दाखवली तर त्याची फसगत होईल. सूर्य सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कधी शांत तर कधी खवळलेला असतो. शिवाय एक चक्र दुसऱ्यासारखे नसते. २००८ च्या अखेरीस सुरू होऊन २०१९ मध्ये संपलेले चक्र सुमारे शंभर वर्षांतील सर्वांत दुबळे होते. ज्याने केवळ तेवढेच पाहिले, त्याला नदी उथळच वाटणार.

कुलाब्याची वही

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईला कुलाबा येथे वेधशाळा उभारली. तेथे १८४१ पासून चुंबकीय वेध घेण्यास सुरुवात झाली. मराठी माणसाने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी, कारण 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला होता आणि पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच वेध घेण्याचे काम केले होते.

वेध घ्यायचे म्हणजे काय करायचे? एक चुंबक धाग्याने टांगलेला असे. तो किती वळला हे दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचे आणि वहीत लिहायचे. एरवी दर तासाला, आणि चुंबक अस्वस्थ दिसू लागला तर त्याहून थोड्या थोड्या वेळाने. दिवसा आणि रात्रीही. या कामात कोणताही थरार नाही. शेकडो पानांवर जवळजवळ तेच ते आकडे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचे चित्र काढत असता त्याला डागांच्या समूहावर पांढऱ्या प्रकाशाची एक झळाळी दिसली. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. अनेक वेधशाळांची यंत्रे मोजपट्टीच्या बाहेर गेली, म्हणजे नेमका आकडा हाती लागलाच नाही. कुलाब्याला मात्र आपल्या वेधकर्त्यांनी आकडे वाचले आणि लिहिले. आडवा चुंबकीय भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला होता.

ही पाने पुढे कपाटात राहिली. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत मोठ्या ज्ञात वादळाचा विषुववृत्तालगतच्या भागातला थेट पुरावा म्हणून आज जगभर कुलाब्याच्या त्या नोंदीकडे पाहिले जाते. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांना उपग्रह हा शब्दही ठाऊक नव्हता. पण त्यांनी आळस केला असता तर आज उपग्रह बनवणाऱ्यांकडे हा आकडा नसता.

दोन आकडे एकमेकांशी बोलतात का?

येथे एक सावधगिरी शिकायची आहे. १९८९ च्या वादळाचा आकडा पुस्तकांत ५८९ नॅनोटेस्ला असा दिलेला असतो. १८५९ चा १,६००. म्हणजे जुने वादळ जवळजवळ तिप्पट मोठे होते का?

एवढ्यात हो म्हणू नका. ५८९ हा आकडा जगातील चार वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेली एका तासाची सरासरी आहे. ही पद्धत १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासूनच्या नोंदींना लावलेली आहे. १,६०० हा आकडा मात्र एकाच ठाण्यावर, एका क्षणी वाचलेला आहे. मुंबईचा एका दुपारचा सर्वांत जोराचा पावसाचा सपका आणि चार शहरांची तासाभराची सरासरी यांची तुलना केल्यासारखे हे झाले. कुलाब्याच्या आकड्यांचीच तासाची सरासरी काढली तर घसरण सुमारे ८५० नॅनोटेस्ला येते. म्हणजे १८५९ चे वादळ तरीही मोठे ठरते, पण तिप्पट नव्हे.

वही जुनी आहे एवढ्याने भागत नाही. तिच्यातला आकडा कशाने, कुठे आणि किती वेळाने घेतला, हेही त्याच वहीत लिहिलेले असावे लागते.

ट्राम आली आणि वेधशाळा हलली

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरची ट्राम आणायचे ठरले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. चुंबकीय वेधशाळेच्या दृष्टीने संकट होते. ट्रामच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याचा चुंबक सूर्याऐवजी ट्रामच्या तालावर डोलला असता.

त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक होते. मुंबईच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी जागा निवडण्यात आली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला. कड्या-बिजागऱ्यांना लोखंड वापरले नाही, तांबे आणि पितळ वापरले. १९०४ मध्ये अलिबागची यंत्रे सुरू झाली.

यापुढची गोष्ट हा आजच्या पाठाचा गाभा आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. ट्राम सुरू झाली १९०७ मध्ये. तोवर दोन्ही ठिकाणांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे कळून चुकले होते. त्यामुळे कुलाब्याची वही आणि अलिबागची वही या दोन वेगळ्या वह्या न राहता एकच सलग नोंद झाली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय वेधांचे विवेचन १९१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते.

दोन वर्षे दुप्पट माणसे, दुप्पट खर्च, आणि वरवर पाहता काम एकच. त्या वेळी कोणा हिशेबनिसाला ही उधळपट्टी वाटली असती. परंतु शंभर वर्षांच्या नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, जेथे जुने आणि नवे यंत्र शेजारी शेजारी चालले.

सांधा कच्चा राहिला तर?

इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहा. पियेर-नोएल मायो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पृथ्वीच्या दोन बाजूंच्या दोन वेधशाळा घेऊन १८६८ पासूनचा एक निर्देशांक तयार केला. त्याचे नाव 'एए'. दक्षिणेकडची वेधशाळा ऑस्ट्रेलियात आणि उत्तरेकडची इंग्लंडमध्ये. उत्तरेकडची आधी ग्रिनिच येथे होती, १९२६ पासून अ‍ॅबिंजर येथे आणि १९५७ पासून हार्टलंड येथे. आधी ग्रिनिच व मग अ‍ॅबिंजर सोडण्याचे कारण आपल्या मुंबईसारखेच होते, विजेवरची आगगाडी.

या निर्देशांकात विसाव्या शतकात चढ दिसत होता. १९९९ मध्ये माइक लॉकवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून असे मांडले की, सूर्याचे अवकाशात पसरलेले चुंबकीय क्षेत्र १९०१ पासून दुपटीहून अधिक वाढले आहे. ही बातमी मोठी होती. सूर्यच बदलतो आहे, असा तिचा अर्थ होता.

मग इतर अभ्यासकांनी शंका घेतली. सूर्य बदलला, की वेधशाळा बदलली? दुसऱ्या ठाण्यांच्या नोंदींशी ताडून पाहिले तेव्हा १९५७ च्या सांध्यावर सुमारे २ नॅनोटेस्लाची पायरी आढळली. हा निर्देशांक सरासरी २० च्या आसपास असतो, म्हणजे पायरी दहाव्या हिश्श्याएवढी. तेथे सूर्याचा काहीच संबंध नव्हता. पुढे लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दुरुस्त केलेला निर्देशांक २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्याची चुंबकीय हालचाल वाढली हे खरे ठरले, पण ती वाढ आधी वाटली होती तेवढी नव्हती.

सूर्यडागांच्या मोजणीतही असेच घडले. जर्मनीत हाइनरिश श्वाबे याने १८२६ पासून ऊन असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्य पाहिला आणि सतरा वर्षांच्या नोंदींनंतर डागांचे चक्र जगासमोर मांडले. झ्युरिकच्या रुडोल्फ वोल्फ याने मोजणीचे सूत्र दिले. ते सोपे आहे : समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक एकूण डागांची संख्या. परंतु विसाव्या शतकात झ्युरिकला मोठा डाग एकाऐवजी दोन, तीन अशा अधिक गुणांनी मोजण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी १९४० च्या दशकानंतरचे आकडे जवळपास पंधरा-वीस टक्क्यांनी फुगले. २०१५ मध्ये बेल्जियमच्या राजकीय वेधशाळेने सारी मालिका दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केली. मोजणारे प्रामाणिक होते आणि डोळेही चांगले होते. नियम मात्र मध्येच बदलला होता.

यंत्रही म्हातारे होते

आता कोणी म्हणेल, उपग्रहांच्या युगात ही अडचण कशाला? उपग्रहाच्या वाटेत ना ट्राम, ना आगगाडी.

अडचण तेथेही आहे. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांवर १९७८ च्या अखेरीपासून पृथ्वीभोवतीचे वेगवान कण मोजणारी यंत्रे बसवली गेली. एक उपग्रह काही वर्षे चालतो, मग दुसरा येतो. अशा डझनभराहून अधिक उपग्रहांच्या नोंदी जोडून चाळीस वर्षांहून मोठी मालिका तयार होते. पण कण मोजणाऱ्या यंत्राला त्याच कणांचा मारा सोसावा लागतो. दोन-तीन वर्षांत प्रोटॉन मोजणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचा वरचा थर खराब होतो.

याचा परिणाम कसा होतो ते उदाहरणाने पाहू. जत्रेतल्या पाळण्याजवळ 'चार फुटांहून उंच मुलांनाच प्रवेश' अशी खूण केलेली असते आणि आत गेलेली मुले मोजली जातात. समजा ती खूण कोणाच्या नकळत हळूहळू साडेचार फुटांवर सरकली. आत जाणारी मुले कमी होतील. वही वाचणारा म्हणेल, या वर्षी जत्रेला मुले कमी आली. प्रत्यक्षात मुले तेवढीच आली होती, खूण सरकली होती. खराब झालेल्या यंत्रात असेच होते. मोजला जाण्यासाठी कणाला आता अधिक ऊर्जा लागते, म्हणून मोजणी कमी भरते.

यावर उपाय कोणता? अलिबागचाच. नवा उपग्रह आला की जुना लगेच बंद करायचा नाही. दोघेही पृथ्वीभोवतीच्या सारख्याच भागातून जात असताना त्यांचे आकडे शेजारी ठेवायचे. ताज्या यंत्राने जुन्याचे म्हातारपण मोजायचे आणि मागच्या नोंदी तेवढ्या सुधारून घ्यायच्या. फिनलंडमधील औलू आणि नॉर्वेतील बर्गन येथील संशोधकांनी हे चिकाटीचे काम केले आहे. या मालिकेतले जुने अमेरिकी उपग्रह नोआ-१५, नोआ-१८ आणि नोआ-१९ हे २०२५ साली निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर अनेक वर्षे चाललेले युरोपचे मेटॉप उपग्रह तशीच यंत्रे घेऊन गेले होते, म्हणून धागा एकदम तुटला नाही.

आपला आदित्य-एल१ हा २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाला आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील ठिकाणी पोहोचला. तेथून तो सूर्याचे निरीक्षण करतो आणि सौरवाराही मोजतो. त्याचे आजचे आकडे आजची हवा सांगतात. ते हवामान व्हायचे असतील तर त्याच्यानंतर येणाऱ्या यानाने त्याचा हात धरला पाहिजे. सूर्याच्या छायाचित्रांच्या बाबतीत कोडाईकनालच्या वेधशाळेने १९०४ पासून हे व्रत चालवले आहे. हा वारसा आपल्या देशाला नवा नाही.

आपल्या शाळेची वही

मित्रहो, नवी वही सुरू करणे सोपे असते. पहिल्या पानावर सुंदर अक्षर असते, पाचव्या पानावर घाई आणि विसाव्या पानानंतर कोरी पाने. शाळांमधून अनेक उपक्रम असेच संपतात. एक वर्ग उत्साहाने काम करतो, परीक्षा होते, तो वर्ग पुढे जातो आणि वही कपाटात राहते. पुढच्या वर्गाला ती कशी वाचायची हेही कळत नाही.

म्हणून या सत्रापासून विज्ञान मंडळाच्या वतीने आपण सूर्यडागांची एक वही सुरू करीत आहोत. तिचे नियम आम्ही कुलाबा-अलिबागवरून घेतले आहेत.

१. सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी कधीही पाहायचे नाही. क्षणभर पाहिल्यानेही दृष्टी कायमची जाऊ शकते. शाळेच्या लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची आणि तीच पाहायची. शिक्षक हजर असल्याशिवाय दुर्बीण बाहेर काढायची नाही.

२. दर शाळेच्या दिवशी एकाच वेळी, एकाच आकाराच्या वर्तुळात चित्र काढायचे. समूह आणि डाग मोजून वोल्फच्या सूत्राने संख्या लिहायची.

३. ढग असतील तर 'ढग' लिहायचे, सुट्टी असेल तर 'सुट्टी'. शून्य फक्त तेव्हाच लिहायचे, जेव्हा सूर्य नीट दिसला आणि डाग नव्हता. न पाहिलेला दिवस आणि डाग नसलेला दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. मागचा आकडा चुकीचा वाटला तर खोडरबर वापरायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, कारण आणि तारीख लिहायची.

५. दुर्बीण, पुठ्ठा, जागा किंवा वेळ बदलली तर त्या दिवशी लाल शाईने नोंद करायची.

६. नववीचा वर्ग वही आठवीच्या हाती देण्यापूर्वी पूर्ण एक महिना दोन्ही वर्गांनी एकाच वेळी, पण एकमेकांचे न पाहता मोजणी करायची. दोघांच्या आकड्यांत किती फरक येतो ते वहीत लिहायचे. हा महिना कितीही कंटाळवाणा वाटला तरी वगळायचा नाही.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. सूर्याचे एक चक्र पुरे व्हायला सुमारे अकरा वर्षे लागतात. आज आठवीत असणारा विद्यार्थी तोवर नोकरीला किंवा उच्च शिक्षणाला लागलेला असेल. म्हणजे एका चक्राची वही कोणत्याही एका वर्गाची असणारच नाही. ती अनेक वर्गांची मिळून होईल, आणि तिचे बळ या हस्तांतराच्या महिन्यांत असेल. आमची जागाही तोवर दुसऱ्या कोणी घेतलेली असेल. ज्यांनी घेतली असेल त्यांनाही हे नियम लागू आहेत.

पालकांना एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी घरी येऊन 'आज काहीच दिसले नाही' असे म्हणाली तर 'मग उपयोग काय?' असे विचारू नये. 'वहीत लिहिलेस का?' असे विचारावे.

स्वाध्याय

(१) सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर आदित्य-एल१ जवळून निघून १५ लाख किलोमीटर अंतर कापायला त्याला किती मिनिटे लागतील? वीज मंडळाला सावध करण्यास एवढा वेळ पुरेल का? वर्गात चर्चा करा.

(२) १८५९ चे वादळ सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर पोहोचले. सूर्य ते पृथ्वी अंतर १५ कोटी किलोमीटर धरून त्याचा सरासरी वेग काढा आणि नेहमीच्या सौरवाऱ्याशी तुलना करा.

(३) पुठ्ठ्यावर तीन समूह दिसले. त्यांत अनुक्रमे ५, २ आणि १ डाग आहेत. वोल्फच्या सूत्राने संख्या किती? मोठा डाग दोनदा मोजला तर संख्या किती होईल?

(४) कुलाबा १९०४ मध्येच बंद केले असते, तर आज मुंबईच्या चुंबकीय नोंदीबद्दल कोणता प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला असता? पाच ओळींत लिहा.

(५) तुमच्या घरात जुनी नोंद कोणती आहे? दुधाचा हिशेब, विजेची बिले, आजोबांची डायरी, काहीही चालेल. ती कोणी सुरू केली, मध्ये हात बदलला का आणि पद्धत बदलली का, हे विचारून लिहून आणा. निवडक उत्तरे वार्तापत्राच्या पुढील अंकात छापू.